चिरेखाणीतल्या सायकल-जंपचे फोटो: आधी लेन्स घेऊ की फ्लॅश?

सड्यावरचा वारा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र आमच्या गावाजवळच्या बंद चिरेखाणीत (जांभा दगड कापून काढायची खाण) माउंटन बाइक उडवतात. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या बाजूला, एवढंच सांगतो, कारण मालकाने गर्दी करणार नाही या बोलीवर खाण वापरायला दिली आहे. पोरांनी खाणीतलीच माती आणि आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या घेऊन एक लिप (उडी सुरू होते तो चढ) बांधलाय, कंबरेएवढा. पुढे आठ फुटांचा टेबलटॉप (सपाट माथा), मग उतार. हेल्मेट, नीपॅड सगळं आहे, तेव्हा त्यावरून ओरडू नका. घरी ओरडून झालंय.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत मिळालेल्या १८-५५ आणि ५५-२५० या लेन्स (आकडा लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं जवळ). दोन अडचणी आहेत. एक म्हणजे फोटोत सायकल उडाल्यासारखी वाटतच नाही, कोणीतरी दोरीला टांगून ठेवल्यासारखी दिसते. दुसरी म्हणजे लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून फ्लॅश आणि साधा ट्रिगर (फ्लॅश लांबून पेटवणारं यंत्र) आणला, माझ्या कॅमेऱ्यावर लावला, तर फ्लॅश पेटायचं नाव नाही. त्याच्या कॅमेऱ्यावर लगेच पेटतो. सेल बदलले, चॅनल बदलले, कॅमेरा रीसेट केला. नाहीच.

बजेट ३५ हजार. जुन्या बाजारात ७०-२०० एफ २.८ लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) बघून ठेवली आहे. घेऊन टाकू का?

करवंद

डोळे झाकून घ्या. स्पोर्ट्स म्हटलं की सत्तर-दोनशे. विषय संपला.

एफ-अकरा

विषय संपला नाही. वारेसाहेब, पैसे खिशात ठेवा आणि आधी जरा हिशोब करा.

पोरगा ताशी २० किलोमीटरने लिपवर येतो असं धरू. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. आठ फुटांचा टेबलटॉप पार करायला त्याला अर्धा सेकंद लागतो. तुमची १५००डी सेकंदाला तीन फ्रेम काढते. म्हणजे बटण दाबून धरलंत तर हवेतल्या एक, फार तर दोन फ्रेम मिळतील, आणि त्या नेमक्या चुकीच्या क्षणाच्या असतील. २.८ची लेन्स लावून यात काडीचा फरक पडत नाही. एकच शॉट, बोटाच्या अंदाजाने. दहा उड्यांत हात बसतो.

आता उजेड. उघड्या उन्हात तुमची ५५-२५० एफ ५.६ला, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) २००वर १/१६०० सेकंदाचा शटर आरामात देते. उन्हात २.८ची गरजच नाही. २.८ लागते संध्याकाळी किंवा पाठीमागचं धूसर करायला, आणि जंपच्या फोटोत पाठीमागचं धूसर झालं की उंचीच कळत नाही. सायकल दोरीला टांगल्यासारखी दिसते म्हणता ना, त्याचं निम्मं कारण हेच असणार. दोनशेवर लांबून काढलेत, खाली जमीन नाही, बाजूला लिप नाही. बरोबर?

माझं मत: पैसे उजेडावर घाला. दोन साधे मॅन्युअल फ्लॅश, एक ट्रिगर, दोन स्टँड. उरले तर १०-१८ची रुंद लेन्स.

सड्यावरचा वारा

बरोबर. सगळे २०० आणि २५०वर काढलेत. पण फ्लॅशच पेटत नाही तर दोन घेऊन काय करू?

जुना रोलवाला

बाळा, कॅमेरा हातात घे, चष्मा लाव आणि हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसतो ती खाच) मधोमध बघ. इतर कॅननमध्ये तिथे एक मोठा गोल ठिपका असतो. तुझ्यात तो नाही. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या तिन्हींत कॅननने तो काढून टाकला. साधे ट्रिगर आणि साधे फ्लॅश त्याच एका ठिपक्यावर चालतात, त्यामुळे तुझ्या कॅमेऱ्यावर ते लाकडाचे ठोकळे. तुझं काही बिघडलेलं नाही.

दुकानात महिन्याला एकतरी पोरगा हीच रड घेऊन येतो. विकताना कोणी सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे कॅननची भाषा बोलणारा टीटीएल ट्रिगर, जो बाजूच्या लहान ठिपक्यांवरून बोलतो. गोडॉक्स कंपनीचा एक्सप्रो-सी किंवा एक्स२टी-सी नव्या फर्मवेअरवर या बॉडींना चालतो. पण माझं ऐक, कॅमेरा घेऊन दुकानात जा, लावून, पेटवून बघ, मगच पैसे दे. तोवर जुगाड: फ्लॅशवर एस२ नावाचा मोड असेल तर तो कॅमेऱ्याचा वरचा छोटा फ्लॅश बघून पेटतो. सावलीत चार-पाच मीटरवर काम भागतं. उन्हात भरवसा नाही.

सड्यावरचा वारा

काका, दंडवत घ्या. ठिपका नाही!! तीन आठवडे मी सेल बदलत बसलो होतो. मित्राच्या फ्लॅशमध्ये एस२ आहे, आत्ता हॉलमध्ये पेटवून बघितला. आई म्हणते वीज पडली की काय.

घाटावरचा

मोबाइलने स्लो-मोशन व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम घेतली तर? सहज विचारतोय.

एफ-अकरा

घ्या की. स्टेटसला चालेल. भिंतीवर लावायचा असेल तर नाही.

तिरफळ

मी स्वतः सायकल चालवते (हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, सिंधुदुर्गात), आणि नवरा फोटो काढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलते.

उंची दिसायची असेल तर तीन गोष्टी चौकटीत हव्यात: उडी सुरू झाली ती कड, रायडर आणि तो जिथे उतरणार ती जागा. तिन्ही नाही बसल्या तर कड तरी हवीच. कड कापलीत की माणूस ढगातून पडला की झाडावरून, कोणाला कळणार? खाली बसून १८वर काढा, लिपच्या बाजूने, चाक डोक्यावरून जातंय असं वाटेल इतकं जवळ. पण बाजूने! उडीच्या रेषेत बसायचं नाही. नवऱ्याच्या पायावर माझं पेडल आलं होतं, सहा टाके. चूक त्याची होती हे मी आजही म्हणते.

दुसरं म्हणजे क्षण. नवखे लोक सर्वात उंच बिंदूला दाबतात. तिथे सायकल सपाट असते आणि रायडर नुसता बसलेला दिसतो. त्याच्या जरासं आधी, मागचं चाक कड सोडतं तेव्हा, हात-गुडघे आखडलेले असतात, पुढचं चाक वर, नजर लँडिंगवर. फोटो तिथे आहे.

आणि फोकसला कॅमेऱ्यावर सोडू नका. एकाला लिपच्या टोकावर उभं करा, त्याच्या हेल्मेटवर फोकस घ्या आणि लेन्सवरची खटकी एमएफवर (हाताने फोकस) करा. पोरं दरवेळी त्याच रेषेत येतात. रेष बदलणार असतील तर ओरडून सांगायला सांगा.

फ्लॅशबद्दल रायडर म्हणून एकच विनंती. समोरून डोळ्यात मारू नका. कड सोडताना डोळ्यासमोर पांढरं झालं की लँडिंग दिसत नाही. बाजूने किंवा पाठीमागून ठेवा आणि पहिली उडी मारायच्या आधी एकदा पेटवून दाखवा.

करवंद

सगळे माझ्यावर तुटून पडलात म्हणून लिहितो. लांबून काढायचाही एक फोटो असतो. चार पोरं एकामागोमाग लिपकडे येताहेत, मागे खाणीच्या पायऱ्यांची भिंत चिकटल्यासारखी, वर लाल धूळ. तो १८वर येणार नाही, २००वरच येईल.

जुना रोलवाला

येईल ना. पण त्यासाठी विकत कशाला घ्यायची? पौष चालू आहे. एक लग्न नाही. आख्ख्या जिल्ह्यातल्या सत्तर-दोनशे कपाटात पडून आहेत. कुठल्याही लग्नवाल्याला भेट, दोन दिवसांसाठी माग, आंब्याच्या दिवसांत अर्धी पेटी पोहोचव. बाजारात बघून ठेवलेली ती लेन्स घ्यायचीच असेल तर मागच्या काचेतून टॉर्च मारून पुढून बघ. आपल्या हवेत राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर हात जोडून परत ये. ती बुरशी. साफ होते, पण काचेवरचा थर खाल्लेला असतो तो भरून येत नाही.

सड्यावरचा वारा

अर्धी पेटी परवडेल. :)

फ्लॅशचं मात्र अजून डोक्यात बसत नाही. रविवारी अकरा वाजता एस२वर एक फ्लॅश लावून प्रयत्न केला, खाणीबाहेर उघड्या सड्यावर (कातळाचा माळ). पेटला की नाही तेच कळलं नाही. फोटोत काही फरकच नाही.

एफ-अकरा

दिसणार कसा? सूर्याशी कुस्ती खेळायला गेलात. पुन्हा हिशोब करू, माफ करा, सवय आहे.

कडक उन्हात आयएसओ १००, शटर १/२००ला एफ ११ लागतं. १/२०० ही तुमच्या कॅमेऱ्याची सिंक मर्यादा. त्याहून वेगाने गेलात तर पडदा पूर्ण उघडतच नाही, नुसती एक फट सेन्सरवरून सरकते, आणि साध्या फ्लॅशचा उजेड फोटोच्या एका पट्ट्यावरच पडतो. फ्लॅश ठसठशीत दिसायचा तर ऊन दोन स्टॉप दाबायला हवं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एफ २२. साधारण फ्लॅशवर गाइड नंबर (फ्लॅशची ताकद, मीटरमध्ये) ६० लिहिलेला असतो, तोही फ्लॅशचा झूम २००ला ठेवल्यावरचा. ६० भागिले २२ म्हणजे पावणेतीन मीटर. फ्लॅश फुल पॉवरला, रायडरच्या कानाशी धरला तर जेमतेम. झूम कमी केलात की तेवढंही नाही.

बरं, फुल पॉवर लावलीत तर दुसरी गोम. फ्लॅशचा उजेड क्षणात येतो आणि जातो असं आपल्याला वाटतं. पण छोटा फ्लॅश फुल पॉवरला १/२५०-१/३०० सेकंद जळत राहतो. तेवढ्यात सायकल दोन सेंटीमीटर पुढे जाते. स्पोक पुसट. पॉवर कमी केली की तो लवकर विझतो. पाव पॉवरला साधारण हजारांश सेकंद, १/१६ला त्याहून कितीतरी कमी. म्हणून जंपला एक फ्लॅश फुलवर ठेवण्यापेक्षा दोन फ्लॅश पावावर ठेवणं चांगलं. शिवाय पाव पॉवरला तो पटकन भरतो, पुढचा पोरगा येईपर्यंत तयार.

एचएसएस (फ्लॅश भराभर लुकलुकवत ठेवणारा मोड) वापरून १/१००० करता येतं, पण त्यात फ्लॅशची दोन-एक स्टॉप ताकद जाते. दुपारच्या उन्हात छोट्या फ्लॅशकडे ती शिल्लक नसते. त्यासाठी एडी२०० सारखा मोठा दिवा लागतो आणि मग तुमचं बजेट गेलं.

पण तुमच्याकडे खाण आहे हो! खाणीची भिंत किती उंच आहे?

सड्यावरचा वारा

पश्चिमेकडची वीस-बावीस फूट असेल. चार वाजल्यानंतर तळात पूर्ण सावली. लिप त्या भिंतीला समांतर आहे.

एफ-अकरा

मग लॉटरी लागली आहे. संध्याकाळी खाणीच्या सावलीत उजेड उन्हापेक्षा कितीतरी कमी. १/२००, एफ ५.६ ठेवा आणि आयएसओ १००ला फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. जवळजवळ काळा यायला हवा. तो काळा आला की मगच फ्लॅश चालू करा. म्हणजे सायकल फक्त फ्लॅशच्या उजेडात दिसेल, आणि ती गोठेल. पाव पॉवर, झूम ५०च्या आसपास, रायडरपासून तीन-साडेतीन मीटर. कमी पडलं तर आयएसओ २०० करा, पण मग काळा फोटो पुन्हा तपासा.

फक्त मागे आकाश येऊ देऊ नका. आकाश सावलीत नसतं. रायडरच्या मागे पूर्ण भिंत हवी. आकाशच हवं असेल तर सूर्य मावळल्यावर पंधरा मिनिटांनी या.

तिरफळ

आणि त्या पंधरा मिनिटांनी रायडरला लँडिंग दिसतं का, ते विचारून या. मला दिसत नाही. पोरं "दिसतंय, दिसतंय" म्हणतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

कातळवेडा

जरा अवांतर. वर "उघड्या सड्यावर" वाचून पोटात गोळा आला. आपल्याकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू ही नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण न नोंदलेली, गवताखाली झाकलेली कितीतरी असणार. सायकलने स्किड मारण्याआधी गवत बाजूला करून बघा. रेघा कोरलेल्या दिसल्या तर तिथून सायकल, स्टँड, पाणी सगळं लांब ठेवा. खाणीत उडवा, खाणीत काही राहिलेलं नसतं.

सड्यावरचा वारा

कातळवेडा, मान्य. यापुढे सड्यावर नाही. तिथे लिप नव्हताच, मी नुसता सायकल फिरवून फ्लॅश बघत होतो. पण गवत बाजूला केलं नव्हतं हे खरं.

सड्यावरचा वारा

(दोन आठवड्यांनी)

मंडळी, अहवाल देतो.

रत्नागिरीत कॅमेरा घेऊन दुकानात गेलो. पहिला ट्रिगर पेटला नाही, दुकानदार म्हणाला "कॅमेरा खराब आहे तुमचा". मी ठिपक्याची गोष्ट सांगितली तर त्याने दोन मिनिटं हॉट शूकडे बघितलं आणि आतून एक्सप्रो-सी आणला. पेटला. तो आणि गोडॉक्सचे दोन टीटी६०० फ्लॅश, दोन स्टँड, एनेलूपचे आठ सेल. लेन्स एकही घेतली नाही.

शनिवारी साडेचारला खाणीत. काळा फोटो काढला, खरोखर काळा आला. पोरं म्हणाली, मामा, लेन्सचं झाकण काढा. मग एक फ्लॅश लँडिंगच्या बाजूला, खाणीच्या दुसऱ्या पायरीवर, रायडरच्या कमरेच्या उंचीला, तीन मीटरवर. दुसरा लिपच्या मागे चिऱ्यांच्या ढिगाआड, पाठीवर मारणारा. दोन्ही पाव पॉवर. १/२००, एफ ५.६, आयएसओ २००.

पहिले नऊ वाया. तीनमध्ये पुढचं चाक कापलं, चारमध्ये मी उशिरा, दोनमध्ये नुसतीच भिंत. खाली बसून काढल्यावर भिंत संपून हेल्मेटच्या मागे आकाशाची पट्टी येत होती आणि तिथे हेल्मेटच्या कडेला दुसरी पुसट कडा दिसत होती, भुतासारखी. तिसऱ्या पायरीवर चढलो तेव्हा गेली. उंची जराशी कमी दिसते, पण कड, रायडर, लँडिंग तिन्ही बसलं, २४वर.

दहावा आला. भाच्याचं मागचं चाक फळीवरून नुकतंच सुटलंय, टायरच्या खाचांतून माती उडतेय आणि मागच्या फ्लॅशने त्या मातीचा एकेक कण पेटलाय. स्पोक मोजता येतात. भिंतीवर करवतीच्या आडव्या रेघा दिसतात. एक गोष्ट कळली नाही: त्याच्या पांढऱ्या जर्सीची खालची बाजू लालसर आली आहे.

आणि वाईट बातमी. पाच वाजता खारा वारा सुटला, पायरीवरचा स्टँड आडवा. फ्लॅश चालतोय पण सेलच्या झाकणाची बिजागरी तुटली. सध्या रबरबँड.

एफ-अकरा

लाल जांभ्याचा. जमिनीवरून उजेड परतून वर येतो. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलं असेल तर जर्सीपुरता रंग उतरवा, पूर्ण फोटोचा उतरवू नका, नाहीतर भिंत मेल्यासारखी दिसेल. मला विचाराल तर राहू द्या.

करवंद

फोटो कुठाय??

तिरफळ

नऊ वाया म्हणजे खूपच कमी. आमचे पहिल्या दिवशी सत्तर गेले होते. फोटो बरो इलो आसात तर हंय टाक, नुसतो अहवाल नको.

सड्यावरचा वारा

टाकतो रात्री, इथे नेट रांगतंय. स्टँडसाठी काय करू ते सांगा. वाळूची पिशवी न्यायची का?

जुना रोलवाला

चिरेखाणीत उभा राहून वाळू कसली मागतोस? बाजारहाटीची कापडी पिशवी घे, त्यात चिऱ्याचा पाच-सहा किलोचा तुकडा, स्टँडच्या मधल्या दांड्याला जमिनीला टेकेल न टेकेल अशी अडकव. स्टँडचा एक पाय वारा जिकडे ढकलतो तिकडे कर.

घरी गेल्यावर फ्लॅश, स्टँड सगळं किंचित ओल्या फडक्याने पूस, मग कोरड्याने. खारं बसलं की आधी स्प्रिंगा गंजतात. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव, कपाटात कपड्यांत नको.

झाकणाचं म्हणशील तर फ्लॅश घेऊन ये, माझ्याकडे एका जळलेल्या टीटी६००चा सांगाडा पडलाय, बिजागरी निघेल. दुपारी जेवायला घरी असतो, पाचनंतर ये. आणि तो दहावा फोटो पेनड्राइव्हवर घेऊन ये, मोठा छापून बघू.